एक बोट अधिक

इ. स. १९६६ मध्ये आयबीएमच्या संशोधन-नियतकालिकात आर्नल्ड रोझेनबर्ग यांचा अनेकशीर्ष यंत्रांवरचा निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील एक विधान इतके साधे होते की त्याला सिद्धता कशाला हवी, असे कुणालाही वाटावे. ‘क’ वाचनशीर्षांच्या यंत्राला जे जमते, त्याहून काही अधिक ‘क+१’ शीर्षांच्या यंत्राला जमते, असे ते विधान. विधान खरे होते. सिद्धता मात्र टिकली नाही. रॉबर्ट फ्लॉइड यांनी तिच्यातली फट दाखवून दिली आणि ती पुरती बुजायला १९७८ साल उजाडावे लागले. गणिताच्या इतिहासात असे अधूनमधून घडते. परंतु या प्रकरणाचा विषय मुळात ‘वाचन’ हाच असल्यामुळे साहित्याच्या अभ्यासकांनीही त्यापाशी थोडे थांबावे.

१९५९ साली मायकल राबिन आणि डाना स्कॉट यांनी ज्या मर्यादित यंत्राची रीतसर मांडणी केली, तो एक अत्यंत विसरभोळा वाचक आहे. संहिता कितीही लांब असो, त्याच्या मनाच्या अवस्था मोजक्याच, आधीच ठरलेल्या. एकेक अक्षर वाचत तो पुढे सरकतो आणि अखेरीस ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच सांगतो. संहितेचा उत्तरार्ध हा पूर्वार्धाचीच पुनरुक्ती आहे काय, हे त्याला ओळखता येत नाही. कारण पूर्वार्ध लक्षात ठेवायला पूर्वार्धाएवढीच जागा हवी. त्याला मागे वळून पुन्हा वाचण्याची मुभा दिली तर? काहीही फरक पडत नाही, असे त्याच वर्षी राबिन-स्कॉट यांनी आणि स्वतंत्रपणे शेफर्डसन यांनी सिद्ध केले. टिपणवहीवाचून केलेले पुनर्वाचन व्यर्थ, असा याचा अर्थ. पुनर्वाचनाचे गोडवे गाणाऱ्या आपल्या समीक्षकांना तो फारसा रुचणार नाही.

आता या वाचकाला दुसरे शीर्ष द्या. शीर्ष म्हणजे पोथीच्या ओळीवर ठेवलेले बोट समजावे. एक बोट उत्तरार्धाच्या आरंभखुणेपर्यंत न्यायचे, दुसरे पहिल्या अक्षरावरच ठेवायचे आणि मग दोन्ही एकेक अक्षर पुढे सरकवत ताडून पाहायचे. पुनरुक्ती ओळखली गेली! स्मृती तसूभरही वाढलेली नाही. बोट कुठे टेकले आहे, हीच स्मृती झाली.

मग बोटे वाढवत गेल्यास सामर्थ्य प्रत्येक वेळी वाढते काय? त्यासाठी एक खास संहिता घेतात. तिचे सम संख्येचे खंड पाडलेले असतात. पहिला खंड शेवटच्यासारखा, दुसरा उपांत्यासारखा, अशी आत आत जाणारी जुळणी असते. बोटे फक्त पुढेच जाऊ शकतात, अशी अट आहे. दोन बोटांनी पहिला आणि शेवटचा खंड ताडून पाहिला की पुढचे बोट संहितेच्या टोकाला पोचलेले असते; उपांत्य खंड त्याच्या मागे पडला. म्हणजे बोटांची कोणतीही एक जोडी खंडांची एकच जोडी तपासू शकते. दोन बोटांत एक जोडी असते, तीन बोटांत तीन, चारांत सहा, दहांत पंचेचाळीस. खंडांच्या जोड्या याहून एकाने जरी वाढल्या, तरी नवे बोट लागणार.

पण फट पडू शकते ती इथेच. ‘यंत्र खंड ताडून पाहते’ हे आपण आपल्या रीतीवरून गृहीत धरले. यंत्राला आपली रीत पाळण्याचे बंधन कुठे आहे? अशक्यता सिद्ध करायची तर आपल्याला न सुचलेल्या युक्त्यांनाही वाट बंद करावी लागते. १९७५ मध्ये इबारा आणि किम यांनी दोनापेक्षा तीन शीर्षे अधिक समर्थ असल्याचे दाखवले. सर्वसाधारण सिद्धता अँड्र्यू याओ आणि रोनाल्ड रिव्हेस्ट यांनी १९७८ साली दिली. (याच वर्षी रिव्हेस्ट यांचा, शमीर आणि एडलमन यांच्यासह लिहिलेला, सांकेतिक लेखनावरचा प्रसिद्ध निबंध आला, त्याच्या झगमगाटात हा थोडा झाकोळला.)

त्यांची युक्ती सुंदर आहे. शीर्षे कमी असतील, तर प्रत्येक संहितेत खंडांची अशी एक तरी जोडी उरते, जिच्या दोन्ही खंडांवर दोन बोटे एकाच वेळी कधीच नसतात. शीर्षे खंडांत शिरता-निघताना यंत्राची स्थिती काय होती, याची नोंद ठेवा. अशा नोंदी संहितांच्या मानाने फारच थोड्या. तेव्हा केवळ त्या एका जोडीतच वेगळ्या असलेल्या दोन अचूक संहितांची नोंद अगदी एकसारखी निघते. आता एक खंड पहिल्या संहितेतला ठेवा आणि त्याचा जोडीदार दुसरीतून आणून बसवा. यंत्राला प्रक्षेप कळत नाही. ते खोट्या संहितेलाही ‘होय’ म्हणते. पाठचिकित्सकाच्या दुःस्वप्नातून घेतलेली वाटावी, अशी ही सिद्धता आहे.

मागे वळण्याची मुभा आणि अनेक बोटे एकत्र आली की चित्र पालटते. दिलेला शब्द दिलेल्या संहितेत आहे काय, हा शब्दसूची करणाऱ्याचा नित्याचा प्रश्न. गालिल आणि सायफेरास यांनी १९८३ मध्ये दाखवले की दोन्ही दिशांनी फिरणारी सहा शीर्षे त्याला पुरतात. फक्त पुढेच जाणारी शीर्षे कितीही घेतली तरी ते काम होत नाही, हे ताओ ज्यांग आणि मिंग ली यांनी १९९३ साली सिद्ध केले.

याओ-रिव्हेस्ट यांच्या निबंधात आणखी एक निष्कर्ष आहे. पुढेच जाणाऱ्या यंत्राला अटकळ बांधण्याची मुभा दिली, तर त्याला दोन शीर्षांत साधणारे एक काम अटकळ न बांधणाऱ्या यंत्राला कितीही शीर्षांनी साधत नाही. दोन्ही दिशांनी फिरणाऱ्या यंत्रांत अटकळीने असाच लाभ होतो काय? १९७२ मध्ये यूरिस हार्टमानिस यांनी या यंत्रांचे सामर्थ्य म्हणजे संहितेच्या लांबीच्या लॉगॅरिदमएवढ्या स्मृतीचे सामर्थ्य होय, असे दाखवले आणि त्यामुळे हा प्रश्न संगणनशास्त्रातल्या एका मोठ्या प्रश्नाशी जोडला गेला. तो आजही सुटलेला नाही.