लिव्हिंग्स्टन यांचे पार्थिव : चितांबो ते लंडन (१८७३–७४)

स्कॉटिश मिशनरी, वैद्य व भूशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन (१८१३–१८७३) यांस मध्य आफ्रिकेत, बांग्वेउलू सरोवराच्या दक्षिणेस हल्लीच्या झांबियात मोडणाऱ्या चितांबो नामक मुखियाच्या गावी मृत्यू आला. तेव्हा त्यांच्या आफ्रिकी अनुचरांनी त्यांचे कलेवर सुकवून, खांद्यावर वाहून, सुमारे नऊ महिन्यांनी हिंदी महासागराच्या किनाऱ्यावर बागामोयो येथे सुखरूप आणले. पायी तोडलेले अंतर कोणी हजार तर कोणी दीड हजार मैल देतात. मृत्युतिथी १ मे १८७३ अशी रूढ आहे. तथापि त्यांचे हृदय जेथे पुरले तेथील वृक्षावर कोरलेल्या लेखात ४ मे ही तारीख होती.

शरणपूर शाळेचा संबंध : अरबी समुद्रातील गुलामवाहू गलबते ब्रिटिश आरमाराने अडविली, म्हणजे त्यांतून सुटलेली पोरकी आफ्रिकी मुले मुंबईस उतरविली जात, आणि त्यांतील पुष्कळांची रवानगी चर्च मिशनरी सोसायटीने १८५४ साली नाशिकनजीक वसविलेल्या शरणपूर या वसाहतीत होई. तेथे त्यांस लिहिणे-वाचणे, धर्मशिक्षण आणि सुतारकी, लोहारकी यांसारखे हुन्नर शिकवीत. १८६४ साली लिव्हिंग्स्टन ‘लेडी न्यासा’ ही आपली आगबोट घेऊन मुंबईस आले, तेव्हा आपला आफ्रिकी अनुचर चुमा यास त्यांनी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेविले; पुढील वर्षी ते परत आले, नाशिकास गेले, आणि शरणपूरचे नऊ तरुण निवडून १८६६ च्या आरंभी मुंबईहून आफ्रिकेस निघाले. १८७२ साली शरणपूरच्याच शाळेची दुसरी एक तुकडी त्यांस जाऊन मिळाली. जेकब वेनराइट, कॅरस आणि मॅथ्यू वेलिंग्टन हे तिच्यातील होत. कलेवर किनाऱ्यावर आणणाऱ्या प्रवासाचे श्रेय चुमा आणि सुसी या दोघा अनुचरांस देण्याचा प्रघात आहे व तो अन्याय्य नाही. परंतु काफिल्याची लेखणी शरणपूरच्या विद्यार्थ्यांच्या हाती होती, ही गोष्ट इंग्रजी चरित्रकारांनी जेवढी नोंदवावयास हवी होती तेवढी नोंदविलेली नाही.

कलेवराचे जतन : मृत्यूची वार्ता प्रथम गुप्त ठेवण्याचा विचार होता, ती फुटल्यावर चितांबोने राग न धरता, प्रेत इतक्या दूर नेणे दुर्घट आहे, येथेच पुरावे, असा सल्ला दिला. अनुचरांनी तो मानला नाही. गावाबाहेर वर आकाश मोकळे ठेवलेली व भोवती भक्कम कूड घातलेली एक झोपडी उभारण्यात आली. झांझिबारात एका डॉक्टरच्या पदरी असताना शवविच्छेदन पाहिलेल्या फारिजाला या अनुचराने कॅरसच्या साहाय्याने उदर चिरून हृदय व आतडी बाहेर काढली. डाव्या बाजूस हाताच्या पंजाएवढी रक्ताची गाठ आढळल्याची नोंद आहे. हे अवयव पत्र्याच्या डब्यात घालून वृक्षातळी पुरले, वेनराइटने ख्रिस्ती अंत्यविधीची प्रार्थना वाचली, आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख त्यानेच कोरली. पोकळीत मीठ भरून, तोंडास व केसांस थोडी ब्रँडी लावून, कलेवर चौदा दिवस उन्हात वाळविले व रोज एकदा त्याची कूस बदलली. नंतर पाय गुडघ्यांत दुमडून त्यावर कापड गुंडाळले, सबंध सोललेल्या सालीच्या नळकांड्यात ते बसविले, वरून शिडाचे कापड शिवून त्यास डांबर फासले, आणि दोघांनी वाहण्याजोगे ते एका दांड्यास बांधले.

मार्ग : आजारपण, हाणामारी व मृत्यू यांनी काफिला जर्जर झाला. वेनराइटने लिहिलेले पत्र घेऊन चुमा पुढे उन्यान्येंबे (ताबोरा) येथे गेला. तेथे शोधपथकाचे प्रमुख लेफ्टनंट कॅमेरॉन यांनी प्रेत तेथेच पुरावे असे सुचविले, परंतु अनुचर बधले नाहीत. प्रेत मुलखातून जाऊ देणे त्या प्रदेशात अशुभ मानीत. कासेकेरा येथे लोकांनी उघड हरकत घेतली, तेव्हा काफिल्याने जी तजवीज केली ती मुद्दाम सविस्तर सांगण्याजोगी आहे. रात्री सालीचे वेष्टन काढून कलेवराचे कापडाच्या गाठोड्यासारखे आटोपशीर बोचके बांधण्यात आले. धान्याच्या ताटांची माणसाएवढी लांब मोळी करून तिला प्रेतवस्त्र गुंडाळले. आणि सहा असामी ती मोळी विधिपूर्वक घेऊन, जणू दफनासाठी, उन्यान्येंबेकडे परत निघाले. गावापासून पुरेसे दूर जाताच त्यांनी एकेक ताट रानात फेकून दिले व वेगवेगळ्या वाटांनी ते काफिल्यास येऊन मिळाले. खरे बोचके व्यापारी मालाबरोबर बिनबोभाट पुढे गेले. फेब्रुवारी १८७४ मध्ये काफिला बागामोयोस पोहोचला.

सागरप्रवास : कलेवर झांझिबार, एडन व तेथून ‘मालवा’ जहाजाने १५ एप्रिल १८७४ रोजी साउदॅम्टनला पोहोचले.

ओळख व दफन : शल्यविशारद सर विल्यम फर्ग्युसन यांनी डाव्या दंडाच्या, सिंहाने चावून मोडलेल्या व नीट न सांधलेल्या हाडावरून ओळख पटविली. १८ एप्रिल रोजी वेस्टमिन्स्टर ॲबी येथे दफन झाले. शवपेटीसोबत चालणाऱ्या मानकऱ्यांत लिव्हिंग्स्टन यांचे परिचित स्टॅन्ली, कर्क इत्यादींसमवेत जेकब वेनराइट होता. चुमा व सुसी मात्र दफनानंतर इंग्लंडात पोहोचले; लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या रोजनिशीच्या संपादनात (१८७४) होरेस वॉलर यांस त्यांनी दिलेला तोंडी वृत्तान्त हाच वरील बहुतेक माहितीचा आधार होय.

अनुचरांचे पुढे : रॉयल जिऑग्राफिकल सोसायटीने साठ अनुचरांसाठी पदके पाडली, परंतु काफिला त्याआधीच वेतन घेऊन पांगला होता. चुमा १८८२ मध्ये व सुसी १८९१ मध्ये वारला. शरणपूरचे अनेक आफ्रिकी रहिवासी १८७४ नंतर मोंबासाजवळच्या फ्रिअर टाउन येथे स्थलांतरित झाले. मॅथ्यू वेलिंग्टन १९३५ पर्यंत हयात होता.