एका गोळीची कुळकथा

औषधांनाही कुळकथा असते, आणि ती कधीकधी कादंबरीहून सुरस निघते. स्तनाच्या कर्करोगावरील टॅमॉक्सिफेनचेच पाहा ना!

१९६२ साली इंग्लंडात आयसीआय कंपनीच्या प्रयोगशाळेत डोरा रिचर्डसन या विदुषीने हे द्रव्य प्रथम तयार केले. हवे होते संततिनियमनाचे औषध; तो बेत फसला. तथापि ते इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकाला स्तनात अटकाव करते. १९७१ साली मँचेस्टरच्या ख्रिस्टी रुग्णालयातून कर्करोगावरील प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि टाकाऊ ठरलेल्या गोळीचे भाग्य उजळले.

पुढे एक शंका निघाली. इस्ट्रोजेन रक्तातील कोलेस्टेरॉल आटोक्यात ठेवते. मग त्यालाच अडवले तर हृदयाचे काय? १९९१ साली अमेरिकेतील विस्कॉन्सिनच्या संशोधकांनी उलटेच दाखवले. पाळी थांबलेल्या स्त्रियांत या गोळीने अपायकारक कोलेस्टेरॉल सुमारे २० टक्के उतरले होते! स्तनात इस्ट्रोजेनची वैरीण असलेली ही गोळी यकृतात मात्र त्याचीच सखी होऊन वागते. ट्रायग्लिसराइड ही दुसरी चरबी मात्र ती काहींत वाढवते.

नंतर अनास्ट्रोझोल, लेट्रोझोल ही नवी औषधे आली. ती इस्ट्रोजेन तयारच होऊ देत नाहीत. आमच्या बदलापुरात, हेंद्रेपाड्यातल्या एका वहिनींची गोळी अशीच बदलली आणि पुढच्या तपासणीत कोलेस्टेरॉल चढलेले निघाले. "भाऊजी, ही गोळी सोडूनच देऊ का?" त्यांनी मला विचारले.

मी त्यांना हाच इतिहास सांगितला. टॅमॉक्सिफेनशी तुलना करता नव्या गोळ्यांवर कोलेस्टेरॉल अधिक दिसते खरे. पण टॅमॉक्सिफेनची पाच वर्षे पुरी केलेल्या स्त्रियांत लेट्रोझोल आणि औषधहीन गोळी यांची तुलना झाली, तेव्हा फारसा फरक आढळला नाही. म्हणजे बराचसा दोष नवीचा नव्हे. जुनीने धरलेली छत्री मिटली, इतकेच.

छत्री मिटली तर दुसरी उघडावी. वेळेवर रक्त तपासावे, रोज चालावे, लागल्यास डॉक्टरांकडून कोलेस्टेरॉलचे वेगळे औषध घ्यावे. कर्करोगाची गोळी मात्र आपल्या मनाने कदापि सोडू नये. चकलीचा घाणा एखादा कमी झाला तरी दिवाळी साजरी होतेच. घरची लक्ष्मी धडधाकट हवी!