बेदाण्यातला दाणा

जे नाही त्यावरून नाव पडले, अशा वस्तू बाजारात फार नसतात. बेदाणा ही त्यांतली एक. फारसीत ‘बे’ म्हणजे विना आणि ‘दाना’ म्हणजे बी. बी नसलेला तो बेदाणा. २०१६ साली सांगलीच्या बेदाण्याला भौगोलिक मानांकन मिळाले आणि तासगाव-सांगलीच्या सौद्यांत रोज उच्चारला जाणारा हा शब्द सरकारी कागदावरही बसला. पण तो फोडून पाहिला, की त्याचे दोन्ही तुकडे निरनिराळ्या वाटांनी पळू लागतात.

‘बे’ मराठीत इतका रुळला आहे, की आपण तो चव, भान, ताल अशा घरच्या शब्दांनाही बिनदिक्कत लावतो. संस्कृत ‘वि’शी त्याचे नाते जोडण्याचा मोह होतो. मात्र पहलवीत त्याचे रूप ‘अबे’ असे मिळते, त्यामुळे ‘वि’पेक्षा ‘अप’च्या बाजूला शोधणे बरे दिसते. ‘दाना’चे गोत्र अधिक स्पष्ट आहे. ऋग्वेदात ‘धाना’ म्हणजे भाजलेले धान्य. त्याच मुळाचे इराणी रूप ‘दाना’, कारण तिकडे ‘ध’चा महाप्राण गळून ‘द’ होतो. धान्य, धान, धणे ही आपल्याकडची भावंडे.

मग दाणा थेट ‘धाना’वरूनच का आला नसेल? तसा आला असता तर ‘ध’ टिकायला हवा होता, जसा तो धण्यांत टिकला. म्हणजे शब्द फारसीतूनच आला असावा आणि इथे आल्यावर त्याच्या ‘न’चा ‘ण’ झाला असावा. दीवानचा दिवाण आणि नजरानाचा नजराणा झाला, तसाच. शेंगदाणा, दाणागोटा, दाणापाणी, दाणेदार असा त्याचा पुढचा संसार पाहिला, तर हा पाहुणा होता यावर कुणी विश्वास ठेवणार नाही. काष्ठौषधींच्या दुकानात ‘बिहीदाणा’ मिळतो, त्याच्याशी मात्र गल्लत करू नये. तिथे ‘बिही’ हे फळाचे नाव आहे आणि विकला जातो तो दाणाच.

खरी गंमत मनुकेची आहे. बेदाणा पुल्लिंगी, मनुका स्त्रीलिंगी. बेदाणा बहुधा हिरवा-पिवळा, मनुका काळी. काळ्या मनुकांत बी असते, चावताना ती कचकन दाताखाली येते, आणि आजीच्या औषधात ती बी काढूनच घालावी लागे. आता शब्दाचे मूळ पाहा. अरबीत ‘नक्का’ म्हणजे साफ करणे, निवडणे; त्यावरून ‘मुनक्का’ म्हणजे साफ केलेले, बी काढलेले. हिंदीने तो जवळजवळ तसाच ठेवला. मराठीने ‘मु-न’चे ‘म-नु’ केले, स्वरांची अदलाबदल झाली. अर्थात व्युत्पत्तीने जी बिनबियांची, ती आपल्याकडे बियांची ठरली. असे का व्हावे? बहुधा मूळचे बिनबियांचे द्राक्ष ‘बेदाणा’, ‘किसमिस’ या नावांनी बाजारात आले आणि मुनक्का म्हणून मोठी, बी काढून खायची जात उरली. विशेषण साफसफाईचे होते, ते मालालाच चिकटले, साफसफाई मात्र ग्राहकाकडे आली.

मृदू म्हणून ‘मृद्वीका’ आणि मृद्वीकेवरून मनुका, अशीही एक जोडणी करता येईल. कानाला ती गोड लागते. पण ‘द्व’चा ‘न’ कसा झाला हे सांगता येत नाही, तोवर ती बाजूलाच ठेवावी.

मळ्यात गेलात तर यांतला एकही शब्द फारसा कानी पडत नाही. तिथे असतो घड, आणि घडाला असतात मणी. दाणा नाही, मणी. एप्रिलातली ती खरड छाटणी, ऑक्टोबरातली ती फळछाटणी. डोळा फुटतो, काडी तयार होते, मण्यात साखर उतरते. साधारण चार किलो द्राक्षे वाळली की किलोभर बेदाणा पडतो. म्हणजे जाळीवर वाळत घालेपर्यंत मणी आणि खाली उतरल्यावर दाणा नसलेला दाणा. शेतकऱ्याची मराठी आणि व्यापाऱ्याची फारसी यांची शीव वाळवणीच्या शेडमध्येच पडलेली दिसते. अपवाद ‘तास-ए-गणेश’चा. थॉमसन सीडलेसमधून तासगाव भागात निघालेल्या या वाणाच्या नावात तासगावही आहे, गणपतीही आहे, आणि दोघांना सांधणारा ‘ए’ कानाला फारसी इजाफतसारखा लागतो. शेर-ए-पंजाबच्या चालीवर गणपतीला बसवल्यासारखे वाटते.

ओल्या फळाला मात्र मराठीने अंगूर म्हटले नाही. इथे आपण दक्षिणेच्या पंगतीत आहोत. जत-मिरजेपलीकडे कन्नडात ‘द्राक्षि’, वाळल्यावर ‘ओणद्राक्षि’. तेलुगू-तमिळही द्राक्षेचीच रूपे वापरतात. उत्तरेत ‘दाख’ मागे पडून अंगूर पुढे आला. पण वस्तू म्हणून द्राक्ष आपल्याकडे वायव्येकडूनच आले असावे. पाणिनीला कापिशीचे, म्हणजे आजच्या काबूलच्या उत्तरेकडचे, ‘कापिशायन’ मद्य माहीत आहे. कौटिल्याच्या सुराध्यक्षाच्या प्रकरणात मेदक, प्रसन्ना, आसव, अरिष्ट, मैरेय आणि मधु असे सहा प्रकार येतात, आणि त्यांतले मधु हे मध नसून द्राक्षरस आहे. त्याला नावे पडतात ती गावाप्रदेशावरून. आजची वाइनही गावाचेच नाव मिरवते.

हा ‘मधु’ फार दूरवर पोचला. अवेस्तात ‘मदु’ म्हणजे मद्य, फारसीत त्याचाच झिजून ‘मय’ झालेला दिसतो, ग्रीकांचा ‘मेथु’ हाही त्याच कुळातला. म्हणजे मयखाना आणि मधमाशी ही एकाच आजोबांची नातवंडे. ‘मद्य’ मात्र यांत नाही, तो ‘मद्’ धातूचा. दिसायला सारखे, गोत्र वेगळे.

अरिष्टाची गोष्ट वेगळीच आहे. ‘रिष्’ म्हणजे इजा होणे, म्हणून अरिष्ट म्हणजे इजा न झालेले. त्यावरून रिठ्याला हे नाव मिळाले (रिठा त्याचाच अपभ्रंश), आंबवलेल्या काढ्यालाही मिळाले, आणि मराठीत मात्र अरिष्ट कोसळते! अशुभाचे नाव घेऊ नये म्हणून शुभ शब्द वापरायचा, आणि पुढे तो शब्दच अशुभ ठरायचा, असे इथे घडले असावे. दारूचेही तसेच. फारसीत दारू म्हणजे औषध. ‘दवादारू’ या जोडशब्दात तो अर्थ अजून शाबूत आहे. तोफेची दारू ही त्याच औषधाची दुसरी शाखा. चिनी भाषेतही तिला ‘अग्नी-औषध’ अशाच अर्थाचे नाव आहे. राज्याच्या २००१ च्या धोरणानंतर पलूसला वाइन पार्क उभे राहिले तेव्हा तिथे कुणी ‘मधु’ म्हटले नाही, ‘कापिशायन’ तर नाहीच. वाइन म्हटले की दारूचा बोल लागत नाही, हेही कारण असेल.

कृष्णेच्या वरच्या अंगाला साताऱ्यात याच जातीचे एक कोडे आहे, कंदी पेढ्याचे. इंग्रज साहेबाने पेढ्याला ‘कँडी’ म्हटले, त्याचे कंदी झाले, ही कथा सगळे सांगतात. मला ती पटत नाही. संस्कृत ‘खण्ड’ म्हणजे तुकडा, त्यावरून आपली खांड. तोच शब्द इराणात जाऊन ‘कंद’ झाला, अरबीत साखरेचा ‘कंदी’ झाला, आणि फ्रेंचमधून इंग्रजीत ‘कँडी’. दाणा आपल्याकडे आला तो चुलतभाऊ म्हणून, कंद मात्र माहेरी परतलेली लेक आहे. आणि ती साहेबाच्या बोटीतूनच आली असे मानायचे कारण काय? गुलाबाचा ‘गुल’ आणि साखरेचा ‘कंद’ मिळून झालेला गुलकंद फारसीच्याच वाटेने आला. जो कंद गुलाबाच्या पाकळ्यांना चालला, तो खव्याला का चालू नये?

शिवकाळात राजव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. त्यात भोग्यवर्ग आणि पण्यवर्गही आहेत. दरबाराने ते किती ऐकले हा प्रश्न निराळा, बाजाराने आणि मुदपाकखान्याने फारसे ऐकलेले दिसत नाही. म्हणून कंदीचा निकाल कोशापेक्षा वाण्याच्या वहीतच लागण्याचा संभव जास्त. साताऱ्यातल्या कुणाच्या माळ्यावर १८१८ च्या, म्हणजे इंग्रजी अंमलाच्या, आधीची एखादी मोडीतली खर्चाची यादी, मुदपाकाची रोजकीर्द किंवा हलवायाची वही असेल, तर तीत पेढ्याआधी ‘कंदी’ लिहिले आहे का, तेवढे पाहावे. असले तर साहेबाची कथा बाद.