कोल्ह्याच्या शेपटीचं झाड



तालुक्याच्या गावी नवं मंगल कार्यालय झालं की दारात शोभेची झाडं लावतात. त्यातलं एक तुम्ही पाहिलं असेल. सरळ राखाडी खोड आणि वर कोल्ह्याच्या शेपटीसारखी झुपकेदार पानं. नर्सरीत त्याला फॉक्सटेल पाम म्हणतात. आमच्या गटाने रोपवाटिका काढायचं ठरवलं, तेव्हा या झाडाचं माहेर शोधलं. ते निघालं ऑस्ट्रेलियात.

तिथल्या क्वीन्सलँड राज्याच्या उत्तरेला, समुद्राकाठी केप मेलव्हिल नावाचा डोंगराळ भाग आहे. मोठमोठ्या काळ्या शिळांच्या नुसत्या राशी. हे झाड आपणहून उगवतं ते जगात फक्त तिथेच. तिथले आदिवासी त्याला आधीपासून ओळखत होते. शास्त्राच्या पुस्तकात मात्र ते आलं १९८३ साली. अँथनी आयर्विन या शास्त्रज्ञांनी त्याला नाव दिलं ‘वोडयेटिया’. वोडयेटी हे तिथल्या एका आदिवासी माणसाचं नाव. इंग्रजीत त्यांना जॉनी फ्लिंडर्स म्हणत. त्या मुलखाची जुनी जाण असलेले ते शेवटचे पुरुष, अशी त्यांची नोंद आहे. १९७८ साली ते वारले. झाडाला नाव मिळालं, ते बघायला ते नव्हते.

झाड देखणं, त्यामुळे बागवाल्यांची मागणी वाढली. हे एकाच खोडाचं झाड. फांदी लावून नवं होत नाही, त्याला बीच लागतं. आणि बी होतं राखीव जंगलात. मग काय, चोरून बिया न्यायला सुरुवात झाली. पुढे बागांमधल्या झाडांनाच फळं धरली, त्या बियांची रोपं देशोदेशी गेली. आज आपल्याकडेही ती सहज मिळतात. पैसा अनेकांनी कमावला. वोडयेटींच्या लोकांचं नाव त्यात कोण घेतं?

हे वाचलं आणि मला आमच्या गटातल्या आजी आठवल्या. टाकळा, कुर्डू, भारंगी कुठे उगवते, कधी खुडायची, कशी शिजवायची, सगळं त्यांच्या तोंडी. आमच्यापैकी कोणीच ते लिहून घेतलं नव्हतं.

आपल्या देशात २००२ साली जैवविविधता कायदा झाला. त्यात गावाची समिती आणि लोक जैवविविधता नोंदवही यांची सोय आहे. गावातली झाडं, बियाणं आणि त्यांची माहिती तिच्यात लिहायची असते. ग्रामसभेत विचारा, आपली नोंदवही कुठे आहे? त्यात बायकांनी सांगितलेलं काय आहे?

रोपवाटिकेत फॉक्सटेल आम्ही लावलाच. गिऱ्हाईक मागतं. पण बी बागेतल्या झाडाचं आहे, एवढं विचारून घेतलं. आणि दर शनिवारी बैठकीनंतर आजींसमोर वही उघडतो. आजी सांगतात, मुली लिहितात. तुम्हीही एक वही घाला, मैत्रिणींनो. आजी आहेत तोवरच.