शेंगेन व्हिसा: युरोपातून भोसरीला परतायचं नेमकं कधी?

समजा, भोसरी एमआयडीसीतला एक वर्कशॉपमालक यंत्रांचं प्रदर्शन बघायला जर्मनीतल्या हॅनोवरला निघालाय. एवढं लांब जातोच आहोत तर पॅरिस आणि रोमही करू, असं ठरतं आणि सहल चार आठवड्यांची होते. एकच शेंगेन व्हिसा २९ देशांत चालतो. घोळ होतो तो परतीच्या तारखेत.

वैधता म्हणजे मुक्काम नव्हे

१ जूनपासून ३० दिवसांच्या मुक्कामासाठी दिलेल्या व्हिसाची वैधता १५ जुलैपर्यंत असू शकते. हे जास्तीचे १५ दिवस प्रवासाच्या तारखा पुढे ढकलाव्या लागल्या तर उपयोगी पडतात. मुक्काम मात्र ३० दिवसांचाच. पोहोचल्याचा आणि निघाल्याचा, दोन्ही दिवस मोजले जातात. म्हणजे १ जूनला उतरलात, तर ३० जूनपर्यंत शेंगेनबाहेर पडायलाच हवं.

मध्येच लंडन?

ब्रिटन शेंगेनमध्ये नाही, तिथला व्हिसा वेगळा. शेंगेन व्हिसा ‘सिंगल एंट्री’ असेल, तर लंडनहून पुन्हा पॅरिसला जाता येत नाही.

एक दिवस जास्त राहिलं तर?

ऑक्टोबर २०२५ पासून पासपोर्टवरच्या शिक्क्यांऐवजी डिजिटल नोंद टप्प्याटप्प्याने सुरू झाली. जास्तीचा एक दिवसही त्यात दिसतो आणि पुढचा व्हिसा अडचणीत येऊ शकतो.

उलट, वेळेवर परतण्याचा फायदा आहे. एप्रिल २०२४ च्या नियमानुसार, मागच्या तीन वर्षांत दोन शेंगेन व्हिसा नियमाने वापरणाऱ्या भारतीयांना दोन वर्षांचा मल्टिपल एंट्री व्हिसा मिळू शकतो.

म्हणून परतीचं तिकीट काढण्याआधी दिवस बोटांवर मोजा.