संहिता उघडी, बांधणी झाकलेली : सोर्स कोडच्या प्रवासाची पन्नास वर्षे

१/
अर्धा सेकंद. मार्च २०२४ मध्ये एका अभियंत्याच्या लक्षात आले की, संगणकात दुरून प्रवेश करताना नेहमीपेक्षा सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो आहे. त्या अर्ध्या सेकंदाचा माग काढता काढता जे हाती लागले, त्याने मुक्तस्रोत सॉफ्टवेअरच्या जगाची झोप उडवली. ते काय होते, हे समजण्यासाठी पन्नास वर्षे मागे जावे लागते.

२/
आधी मूळ कल्पना. प्रत्येक प्रोग्रामची दोन रूपे असतात. एक माणसाला वाचता येणारे, म्हणजे सोर्स कोड किंवा मूळ संहिता. दुसरे यंत्राला कळणारे, म्हणजे बायनरी. पहिल्यापासून दुसरे घडवण्याच्या क्रियेला 'बिल्ड' म्हणतात. मराठीत बांधणी म्हणू. हे काम कंपायलर करतो. पाककृती वाचून पदार्थ करता येतो, पण पदार्थ चाखून पाककृती तंतोतंत सांगता येत नाही. सोर्स कोड आणि बायनरी यांचे नाते असेच आहे.

३/
१९६९ साली अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये युनिक्सचा जन्म झाला. बेल लॅब्जची मालक कंपनी एटी अँड टी हिच्यावर १९५६ च्या न्यायालयीन तडजोडीमुळे टेलिफोनखेरीज अन्य व्यवसाय करण्यास बंधन होते. त्यामुळे युनिक्स बाजारात विकण्याऐवजी विद्यापीठांना नाममात्र शुल्कात, सोर्स कोडसह दिले गेले. चुंबकीय फितीवर भरलेला कोड टपालाने येई आणि विद्यार्थी तो आपापल्या यंत्रावर बांधत. आजच्या 'डाउनलोड'चा पूर्वज म्हणजे ही टपालातली फीत.

४/
त्या फितीची खूण आजही पुसलेली नाही. अनेक फायली एका गठ्ठ्यात बांधून फितीवर उतरवण्यासाठी 'टार' ही आज्ञा १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत आली. 'टेप आर्काइव्ह' या शब्दांवरून ते नाव पडले. पुढे फिती गेल्या, पण गठ्ठे राहिले. सोर्स कोडच्या अशा गठ्ठ्याला आजही 'टारबॉल' म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवावा. या इतिहासातले रहस्य त्यातच दडलेले आहे.

५/
कोड आला, आता बांधायचा कसा? १९७६ मध्ये बेल लॅब्जमधील एका सहकाऱ्याची सकाळ वाया गेली. चूक दुरुस्त करूनही प्रोग्राम चुकीचाच चाले, कारण बदललेला भाग पुन्हा कंपाइल करायचाच राहून गेला होता. ती तक्रार ऐकून स्टुअर्ट फेल्डमन यांनी 'मेक' हे साधन लिहिले. कोणती फाईल कोणत्या फाईलवर अवलंबून आहे हे एकदा लिहून ठेवायचे. पुढे बदललेला भाग तेवढाच पुन्हा बांधला जातो. २००३ साली या कामासाठी फेल्डमन यांना एसीएम या संस्थेचा सॉफ्टवेअर सिस्टिम पुरस्कार मिळाला.

६/
सप्टेंबर १९८३ मध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला ते वाचण्याचा, बदलण्याचा आणि वाटण्याचा हक्क असला पाहिजे, ही त्यांची भूमिका. इंटरनेटशी जोडलेल्यांना 'ईमॅक्स' हा संपादक फुकट उतरवून घेता येई. इतरांना १९८५ मध्ये १५० डॉलरला फीत मिळे. १९८७ मध्ये ग्नूचा स्वतःचा कंपायलर आला. आता संहिताही मुक्त होती आणि ती बांधणारे अवजारही मुक्त होते.

७/
सप्टेंबर १९९१ मध्ये लिनस टॉरवाल्ड्स यांनी लिनक्सची पहिली आवृत्ती फिनलंडमधील एका एफटीपी सर्व्हरवर ठेवली, तीही सोर्स कोडच्या रूपात. ज्याला ती हवी, त्याने उतरवून घ्यायची, स्वतः बांधायची, चुका सापडल्या तर कळवायच्या. वापरणारा आणि घडवणारा यांच्यातली रेघ इथे पुसट होऊ लागली.

८/
भारतात हे सोपे नव्हते. विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. सेकंदाला ९६०० बिट या वेगाच्या मोडेमवर १० एमबीचा टारबॉल उतरवायला सव्वादोन तासांहून अधिक लागत, आणि मध्येच फोन तुटला की सारे मुसळ केरात. म्हणून १९९६ मध्ये 'पीसीक्वेस्ट' या मासिकाने लिनक्सची सीडी अंकासोबतच दिली, तेव्हा अनेकांच्या घरात लिनक्स त्या वाटेने पहिल्यांदा आले. बर्कलेच्या फितीप्रमाणे इथेही कोड आला तो हातोहात.

९/
तोवर युनिक्सच्या अनेक शाखा फुटल्या होत्या. एका यंत्रावर बांधला जाणारा कोड दुसऱ्यावर अडे. १९९१ च्या उन्हाळ्यात डेव्हिड मॅकेन्झी यांनी 'ऑटोकॉन्फ' लिहायला घेतले. त्यातून 'कॉन्फिगर' नावाची एक स्क्रिप्ट आपोआप तयार होते. ती आधी यंत्राची चाचपणी करते आणि मग त्याला साजेशी बांधणीची आखणी करते. 'कॉन्फिगर', 'मेक', 'मेक इन्स्टॉल' या तीन आज्ञा पुढे कित्येकांना पाढ्यांसारख्या तोंडपाठ झाल्या.

१०/
या सोयीने एक फट मात्र उघडली. 'कॉन्फिगर' ही यंत्राने लिहिलेली, हजारो ओळींची स्क्रिप्ट. ती माणसाने वाचावी अशी अपेक्षाच नसे. आपोआप तयार होणारी वस्तू भांडारात कशाला साठवायची, म्हणून ती सहसा केवळ टारबॉलमध्ये घातली जाई. परिणामी भांडारातील संहिता आणि प्रकाशित टारबॉल यांत फरक असणे हे रीतसर मानले गेले. फरक दिसला तरी कोणाची भुवई उंचावत नसे.

११/
धोक्याची घंटा आधीच वाजली होती. युनिक्सचे एक जनक केन थॉम्पसन यांनी ट्युरिंग पुरस्काराच्या वेळचे आपले भाषण १९८४ मध्ये प्रसिद्ध केले. त्यात त्यांनी दाखवले की, कंपायलरलाच अशी खोड लावता येते की, प्रवेश तपासणारा 'लॉगिन' प्रोग्राम बांधताना तो त्यात गुपचूप चोरदरवाजा बसवील. इतकेच नव्हे, तर नवा कंपायलर बांधला जात असताना तीच खोड तो त्यातही उतरवील. मग मूळ संहितेतून दुष्ट ओळी काढून टाकल्या तरी चालेल. संहिता निष्कलंक, आणि तरीही बायनरी विषारी. कुंपणानेच शेत खावे, तसे.

१२/
दरम्यान कोड ठेवण्याची जागाही बदलत होती. १९८६ मध्ये डिक ग्रून यांनी आरंभलेल्या 'सीव्हीएस' या प्रणालीत प्रत्येक बदलाची नोंद राही. परंतु ते भांडार आतल्या मंडळींपुरते असे. बाहेरच्यांना अधूनमधून टारबॉल मिळे. १९९५ मध्ये सुरू झालेल्या ओपनबीएसडी प्रकल्पाने आपले सीव्हीएस भांडार वाचण्यासाठी सर्वांना खुले केले. तयार ताट वाढले जाण्याची वाट न पाहता कोणालाही आता थेट स्वयंपाकघरात डोकावता येऊ लागले.

१३/
उघडेपणाचा उपयोग नोव्हेंबर २००३ मध्ये दिसला. लिनक्सचे मुख्य भांडार तेव्हा 'बिटकीपर' या प्रणालीत होते. सोयीसाठी त्याची एक प्रत सीव्हीएसमध्ये ठेवलेली असे. त्या प्रतीत कोणीतरी दोन ओळी घुसवल्या. वरवर पाहता ती साधी तपासणी वाटे. मात्र तुलनेसाठी दोन बरोबर-चिन्हे हवीत तिथे एकच होते, आणि तेवढ्याने सामान्य वापरकर्ता यंत्राचा सर्वाधिकारी झाला असता. मूळ भांडारात या बदलाची नोंदच नाही, हे बिटकीपरच्या लॅरी मॅकव्हॉय यांच्या लक्षात आले आणि डाव फसला. पकड बसली ती मूळ आणि प्रत ताडून पाहिल्यामुळे.

१४/
एप्रिल २००५ मध्ये बिटकीपरची मोफत सोय बंद होताच टॉरवाल्ड्स यांनी स्वतःच 'गिट' लिहायला घेतले. काही दिवसांतच गिटचा कोड गिटमध्येच साठवला जाऊ लागला. गिटचे वैशिष्ट्य असे की, 'क्लोन' करणाऱ्याच्या हाती प्रकल्पाचा संपूर्ण इतिहास येतो, आणि प्रत्येक नोंदीची ओळख तिच्या मजकुरातून व आधीच्या नोंदींतून गणिताने काढलेली असते. जुन्या पानावर कोणी खाडाखोड केली, तर पुढच्या सगळ्या खुणा बदलतात.

१५/
२००८ मध्ये गिटहब सुरू झाले आणि भांडार ही चारचौघांची चावडी बनली. कोड पाहा, उतरवा, बांधा, सुधारणा सुचवा, सारे एका ठिकाणी. २०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने गिटहब ७.५ अब्ज डॉलरला विकत घेण्याचा करार जाहीर केला. पण टारबॉलची जुनी वहिवाट सुटली नाही. लिनक्सच्या अनेक वितरणांची बांधणी प्रकल्पाने प्रकाशित केलेल्या टारबॉलवरूनच होत राहिली.

१६/
आता २०२४ कडे. 'एक्सझी' हे फायली आकुंचित करणारे साधन लिनक्सवर जवळपास सर्वत्र असते. त्याची देखभाल लासे कॉलिन वर्षानुवर्षे एकहाती करत होते, तेही विनामोबदला, छंद म्हणून. २०२१ पासून 'जिया तान' या नावाचे एक खाते मदतीला पुढे आले. २०२२ मध्ये इतर काही नावांनी तक्रारींचा सूर लावला : काम फार संथ आहे, नवा माणूस घ्या. हळूहळू जिया तानला सहदेखभालकर्त्याचे अधिकार मिळाले आणि नव्या आवृत्त्यांचे टारबॉलही त्याच हातून निघू लागले.

१७/
फेब्रुवारी आणि मार्च २०२४ मध्ये ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्या आल्या. विष दोन ठिकाणी विभागले होते. चाचणीसाठी मुद्दाम ठेवलेल्या, बिघडलेल्या भासणाऱ्या फायलींमध्ये घातक भाग दडवला होता. त्या फायली भांडारात सर्वांच्या डोळ्यांसमोर होत्या. तो भाग बाहेर काढून बांधणीत मिसळणारी कळ मात्र बांधणीच्या एका साहाय्यक फाईलमध्ये होती, आणि ती बदललेली फाईल फक्त टारबॉलमध्ये होती. गिटमधून कोड घेऊन बांधणाऱ्याला काहीच बाधा झाली नसती.

१८/
काही वितरणांत दूरप्रवेशाची 'ओपनएसएसएच' ही सेवा आडवळणाने एक्सझीच्या लायब्ररीशी जोडलेली होती. त्या वाटेने हा चोरदरवाजा थेट दिंडीदरवाजापर्यंत पोहोचला. विशिष्ट गुप्त किल्ली असलेल्याला त्या यंत्रावर हवी ती आज्ञा चालवता आली असती. धोक्याच्या मोजपट्टीवर या त्रुटीला १० पैकी १० गुण देण्यात आले.

१९/
तो अभियंता म्हणजे आंद्रेस फ्रॉइंड. मायक्रोसॉफ्टमध्ये नोकरी, काम पोस्टग्रेस या मुक्तस्रोत डेटाबेसवर. वेगाची मोजमापे घेताना ओपनएसएसएच नाहक अधिक श्रम करते आहे असे त्यांना दिसले. २९ मार्च २०२४ रोजी त्यांनी निष्कर्ष जाहीर केले. बाधित आवृत्ती तोवर प्रामुख्याने डेबियन, फेडोरा आदींच्या चाचणीच्या शाखांतच पोहोचली होती. स्थिर शाखा वाचल्या. पुढे कॉलिन यांनी दोन महिन्यांनी, मे अखेरीस, चोरदरवाजा काढून टाकलेली ५.६.२ ही आवृत्ती प्रसिद्ध केली.

२०/
यावर उपाय आधीपासून घडत होते. २०१३ पासून डेबियनमध्ये 'पुनरुत्पाद्य बांधणी'ची चळवळ उभी राहिली. एकाच संहितेतून कोणीही, कुठेही बांधणी केली तरी बायनरी बिट न् बिट सारखीच निघाली पाहिजे. त्यासाठी बांधणीची वेळ, फोल्डरचा पत्ता, फायलींचा क्रम असे क्षुल्लक भेद गाळावे लागतात. मग दहा जणांनी स्वतंत्रपणे बांधून उत्तरे ताडून पाहायची. एकाचे वेगळे आले, की कुठेतरी पाणी मुरते आहे हे कळते.

२१/
थॉम्पसन यांच्या कोड्यावरही वाट निघाली. संशयित कंपायलरची संहिता दुसऱ्या, स्वतंत्र कंपायलरने बांधून निकाल ताडण्याची पद्धत डेव्हिड व्हीलर यांनी २००५ मध्ये मांडली. २०२३ मध्ये गीक्स या वितरणाने तर केवळ ३५७ बाइटच्या बीजापासून पायरीपायरीने सगळी अवजारे संहितेतून बांधून दाखवली. एवढे छोटे बीज माणूस स्वतःच्या डोळ्यांनी तपासू शकतो.

२२/
तरीही एक मर्यादा उरते. एक्सझीचा दूषित टारबॉल दहा जणांनी बांधला असता, तर दहाही जणांची दूषित बायनरी सारखीच निघाली असती. म्हणून बांधणी ताडणे पुरत नाही. टारबॉल भांडाराशीही ताडावा लागतो. २००३ मध्ये मूळ आणि प्रत शेजारी ठेवून पाहिली गेली, २०२४ मध्ये ते कोणी केले नव्हते.

२३/
आणि भांडार सांभाळणाऱ्या माणसाचे काय? जगभरातील असंख्य यंत्रे ज्या लायब्ररीवर उभी होती, तिचा भार एका व्यक्तीच्या फावल्या वेळावर होता. चोराने कुलूप फोडले नाही. थकलेल्या राखणदाराला मदतीचा हात देऊन त्याने किल्ली मिळवली. संहिता सर्वांसाठी उघडी असते, पण ती वाचायला आणि राखायला माणसे लागतात. त्यांच्या वाट्याला तक्रारींच्या आधी सोबत आली असती, तर त्या अर्ध्या सेकंदाच्या नशिबावर विसंबण्याची वेळ कदाचित आली नसती.