खुकरी घडवणारा कामी कुठे होता?

१८१५ साली इंग्रजांनी नेपाळी फौजेतून आलेल्या सैनिकांची सिरमूर बटालियन उभारली. १८५७ मध्ये दिल्लीला हिंदुराव वाड्याच्या लढाईत तिच्या ४९० पैकी ३२७ जणांना मरण किंवा जखमा आल्या. त्या शौर्याशी आमचा वाद नाही; वाद 'लढाऊ जाती'च्या सिद्धांताशी आहे. मगर, गुरुंग लढाऊ ठरले. पण त्यांची खुकरी घडवणाऱ्या अस्पृश्य कामींना बंदूकधारी शिपायाच्या भरतीचे दार जवळपास बंदच राहिले. हाच सिद्धांत आपल्यावरही उलटला. १८१८ ला कोरेगावात लढलेल्या महारांची भरती १८९० च्या दशकात थांबवली गेली. महार रेजिमेंट उभी राहायला १९४१ उजाडले. शौर्य ही कोणत्याही जातीची मक्तेदारी नाही. मक्तेदारी भरतीच्या यादीने निर्माण केली, हे आपण ठणकावून सांगू या. जय भीम!